पाणी मानवणे

दर वर्षी बी.ए.चे निकाल लागले की आमच्या विभागाच्या खोलीत चार-सहा विद्यार्थी येऊन उभे राहतात. हातात गुणपत्रिकेची प्रत असते आणि ओठांवर एकच प्रश्न असतो : एम.ए. कुठे करावे? आम्हा शिक्षकांकडे या प्रश्नाची दोन उत्तरे तयार असतात. ज्याला साठच्या वर गुण आहेत त्याला पुणे किंवा मुंबई सांगायचे; ज्याला कमी आहेत त्याला ‘जवळच कुठेतरी नाव घाल आणि नेट-सेटचे बघ’ म्हणून वाटेला लावायचे. म्हणजे आम्ही गुणांच्या उतरत्या क्रमाने शहरे वाटतो. मीही वाटत आलो आहे. हा लेख त्या सवयीविषयी आहे, आणि त्या सवयीमुळे माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयीही आहे.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात एक मुलगी होती. वर्गात फारसे बोलत नसे, पण वाचत असे. आमच्या ग्रंथालयातल्या मराठी कादंबऱ्यांचे कपाट तिने तीन वर्षांत बहुतेक संपवले होते. तिला मी एका मोठ्या शहरातल्या नामांकित विभागाचे नाव सुचवले. ती वडिलांना घेऊन आली. गृहस्थ कोरडवाहू शेती करणारे. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. “सर, ऱ्हायची सोय कुठं हाय? तिथनं कॉलेज किती लांब पडंल? अन् पोरगी आजारी पडली तर त्या गावात आपलं कोण हाय?”

मला ते प्रश्न क्षुद्र वाटले, हे आज कबूल करतो. तिथे शिकवणाऱ्या प्राध्यापकांची नावे, त्यांची पुस्तके, तिथल्या अभ्यासक्रमातले समीक्षेचे नवे विचारप्रवाह, हे सारे मी त्यांना उत्साहाने सांगितले. ते ऐकत राहिले. शेवटी “तुम्ही म्हणता तर धाडतो” असे म्हणून उठले. मुलगी गेली, आणि दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाही.

तिला अभ्यास झेपला नाही, असे मी गृहीत धरले होते. पुढे ती भेटली तेव्हा कळले ते असे : वसतिगृहात जागा मिळाली नाही. एका ओळखीच्या कुटुंबाच्या मदतीने शहराच्या टोकाला खोली मिळाली. तिथून दोन बस बदलून विभागात यावे लागे. “ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं असायचं, सर. पण साडेसातची बस चुकली की पुढची नऊला होती, आणि घरमालकीणबाई साडेआठला दार लावायच्या.” म्हणजे ज्या ग्रंथालयासाठी मी तिला तिथे पाठवले, ते ग्रंथालय संध्याकाळनंतर तिच्यासाठी नव्हतेच. तिच्या वडिलांनी विचारलेले तिन्ही प्रश्न शैक्षणिक होते. माझ्याच ते लक्षात आले नाही.

आपल्या साहित्याला ही गोष्ट ठाऊक नाही असे नाही. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. आपण ती अस्तित्ववादी जाणिवेची कादंबरी म्हणून शिकवतो, देशीवादाची पूर्वसूचना म्हणून शिकवतो, निवेदनशैलीसाठी शिकवतो. पण वर्गातल्या खेड्यातून आलेल्या मुलाला विचारा, ही कशाची कादंबरी आहे. तो सांगेल, खानदेशातला एक मुलगा पुण्याला शिकायला जातो आणि परत येतो, त्याची. वसतिगृह, मेस, संमेलन, उधारी, घरून येणारे पैसे आणि त्या पैशांचा द्यावा लागणारा हिशेब हे त्या कादंबरीचे नेपथ्य नव्हे, तो तिचा मजकूर आहे. पांडुरंग सांगवीकरला पुणे मानवले नाही, असे एक विधान करून पाहा; कादंबरीचा बराच भाग त्या विधानाभोवती उभा राहतो. आणि दुसऱ्या बाजूने हेही खरे, की पुण्याला न जाता सांगवीतच राहिलेल्या पांडुरंगाकडे ती दृष्टी आली नसती, जिच्यामुळे तो परतल्यावर आपलेच गाव वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागतो.

‘मानवणे’ हे क्रियापद मी मुद्दाम वापरतो आहे. सध्या सल्ला देणारी मंडळी ‘तुमच्यासाठी योग्य महाविद्यालय’ असे काहीतरी म्हणतात. त्यात पायाला बसणाऱ्या चपलेसारखा अर्थ आहे : माप आधीच ठरलेले, फक्त जोड शोधायचा. आपल्या भाषेत पाणी मानवते, हवा मानवते, एखादे गाव मानवते. यात वेळ गृहीत आहे. नव्या गावी गेल्यावर पहिले काही दिवस पाणी बाधतेच. मग शरीर एकतर त्याला सरावते किंवा सरावत नाही. मानवणे म्हणजे त्रास न होणे असे नाही. झालेल्या त्रासातून काही अंगी लागणे, असा त्याचा अर्थ मी घेतो. महाविद्यालयाची निवड करताना विचारायचा प्रश्न हाच आहे.

आता ही गोष्ट व्यक्तीपुरती राहत नाही, याकडे वळतो. मराठी साहित्याचा इतिहास आपण कालखंडांनी शिकवतो. तो शिक्षणाच्या ठिकाणांनी शिकवला तर काही गोष्टी अधिक स्वच्छ दिसतील. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ साली. पण मराठवाड्याचा विचार करा. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले ते हैदराबादला, आणि त्याचे माध्यम उर्दू होते. म्हणजे मराठी बोलणाऱ्या या मुलखातल्या मुलाला उच्च शिक्षण घ्यायचे तर घर आणि भाषा, दोन्ही सोडून जावे लागे. नरहर कुरुंदकर शिकायला हैदराबादला गेले ते मामांच्या घरी राहून. ‘तिथं आपलं कोण हाय?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे होते. ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, कारण ते गेलेच नाहीत.

या पार्श्वभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादला महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, या निर्णयाचे महत्त्व लक्षात घ्यावे. सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत १९४६ पासून चालू होते. हुशार मुलांनी मुंबईला यावे, असे म्हणून थांबता आले असते. त्याऐवजी जिथे शिक्षणाचा सर्वांत मोठा दुष्काळ होता तिथे महाविद्यालय गेले, आणि त्याच्याबरोबर वसतिगृहही. त्यातून काय उगवले हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगायला नको. गंगाधर पानतावणे याच महाविद्यालयात शिकवत होते, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले ‘अस्मितादर्श’ औरंगाबादहून निघत राहिले. दलित साहित्याच्या चळवळीचे एक केंद्र मुंबईच्या वस्त्यांत होते तर दुसरे या शहरातल्या वर्गांत आणि वसतिगृहांत. महाविद्यालय कोणत्या गावी आहे, याने एका वाङ्मयीन प्रवाहाचा भूगोल ठरला.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली झाले. त्याला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये मंजूर झाला, त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. विद्यापीठाच्या पाटीसाठी सोळा वर्षे का लागावीत, असे आजच्या विद्यार्थ्याला वाटते. पण ही जागा कोणाची, इथे कोणाला परके वाटणार नाही, हाच त्या झगड्यातला एक प्रश्न होता. शिक्षणाची जागा मानवणे ही नुसती स्वभावाची बाब नाही. काहींना ती मानवू नये अशी व्यवस्था दुसरे कोणी करून ठेवलेली असते.

राजर्षी शाहू महाराजांना हे फार आधी कळले होते. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय होते, पण खेड्यातला मुलगा तिथे पोहोचणार कसा? १९०१ सालच्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून त्यांनी एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करायला साहाय्य केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवले, आणि १९४७ साली तिथे सुरू झालेल्या महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ ही योजना रुजली. या माणसांनी शिक्षणाची सुरुवात वर्गापासून केली नाही. पथारी आणि भाकरी यांच्यापासून केली. माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसलेल्या त्या गृहस्थांचा पहिला प्रश्न नेमका तोच होता.

आज आपण निवड कशाच्या आधारे करतो? राष्ट्रीय पातळीवरची क्रमवारी २०१६ पासून दर वर्षी जाहीर होते. तिच्यात पाच मुख्य निकष आहेत : अध्यापन आणि साधनसामग्री, संशोधन, विद्यार्थ्यांची पुढची वाटचाल, सर्वसमावेशकता, आणि संस्थेविषयीचे जनमत. सर्वसमावेशकतेत परप्रांतीय विद्यार्थी, स्त्रिया, आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटक यांचे प्रमाण मोजले जाते, ही चांगली गोष्ट आहे. पण ग्रंथालयापासून खोलीपर्यंतचे अंतर कुठल्याच रकान्यात येत नाही. आलेल्या मुलीला तिथे संध्याकाळी वाचत बसता येते का, हेही येत नाही. शिवाय ही क्रमवारी संस्थेची असते; एखाद्या विद्यापीठाचा क्रमांक त्याच्या रसायनशास्त्रामुळे वर गेला असेल आणि मराठी विभागात दोन जागा भरल्याविना पडून असतील. साहित्याच्या विद्यार्थ्याने संस्थेचा क्रमांक पाहून विभाग निवडणे म्हणजे प्रकाशनसंस्थेचे नाव पाहून कवितासंग्रह विकत घेणे.

अर्ज भरणे तेवढे सोपे झाले आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी २०२२ पासून सामायिक परीक्षा आहे. तालुक्याच्या गावातल्या संगणककेंद्रात बसून हैदराबाद, दिल्ली, वाराणसी अशी नावे एकाखाली एक भरता येतात. कागदावरचे अंतर नाहीसे झाले. प्रत्यक्षातले तेवढेच आहे. आणि जागेची किंमत शासनाला ठाऊक आहे, याचा पुरावा शासनाच्याच एका योजनेत सापडतो. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू झाली. तिच्यात मूळ रचनेप्रमाणे मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांसाठी ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये धरले होते. सर्वांत खालच्या आणि वरच्या रकमेत १७,००० रुपयांचा फरक आहे. त्या मुलीच्या वेळी ही योजना नव्हती, आणि ती असती तरी तिला लागू झाली नसती. पण शहर निवडणे म्हणजे वर्षाचा हिशेब निवडणे, एवढे तरी या आकड्यांवरून मला त्या दिवशी तिच्या वडिलांशी बोलता आले असते.

आता दुसरी बाजू. वरचे सारे वाचून कोणी असा निष्कर्ष काढेल, की जवळचे तेच बरे. माझे म्हणणे तसे नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला गाव सोडण्याची गरज इतरांपेक्षा अधिक असते, कारण आपली भाषा ऐकू येण्यासाठी तिच्यापासून थोडे दूर जावे लागते. आणि प्रत्येक शहर मराठीविषयी वेगळे काही शिकवते. पुण्यात जयकर ग्रंथालय आहे, भांडारकर संस्था आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. हस्तलिखित, कोश, संदर्भ यांची शिस्त अंगी बाणवायची असेल तर असे शहर नाही. पण प्रमाणभाषेचा धाकही तिथे असतो. ‘आनि-पानी’ म्हणणारा मुलगा तिथे पहिले सहा महिने तोंड उघडत नाही, आणि ते सहा महिने कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाहीत. मुंबईत दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, एशियाटिक सोसायटी आहे, आणि त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मराठी ही तिथे अनेक भाषांतली एक भाषा आहे. ‘गोलपिठा’ची भाषा कुठून आली हे समजण्यासाठी लोकलमधून प्रवास करणे हाही अभ्यास आहे, मात्र तो प्रवास रोज चार तासांचा झाला की अभ्यास संपतो आणि नुसता प्रवास उरतो.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ १९६२ साली झाले. तिथल्या वर्गात सांगली, सातारा, सीमाभाग अशा ठिकाणांहून आलेली मुले असतात, कन्नडचा शेजार असतो, आणि करवीर नगर वाचन मंदिरासारखे १८५० सालापासूनचे सार्वजनिक ग्रंथालय गावात असते. गणेश देवी यांच्यासारखा भाषांचा अभ्यासक याच विद्यापीठाच्या इंग्रजी विभागातून पुढे बडोद्याला गेला, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. गोव्याचे उदाहरण तर फारच बोलके आहे. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल इथे छापले गेले ते रोमन लिपीत. मराठी आणि देवनागरी हे अतूट समीकरण आहे असे समजणाऱ्या विद्यार्थ्याने दोन वर्षे गोवा विद्यापीठात काढावीत. मराठी आणि कोंकणी यांच्या नात्यावर तिथे आजही माणसे पोटतिडकीने भांडतात. भाषा हा जगण्याचा प्रश्न असतो हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि चहाच्या टपरीवर ऐकणे वेगळे.

म्हणजे प्रश्न जवळ की दूर, लहान की मोठे, असा नाहीच. कुरुंदकर नांदेडला राहिले. तिथल्या शाळेत शिकवले, पीपल्स महाविद्यालयात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले, आणि तिथूनच त्यांनी उभ्या महाराष्ट्राशी वाद घातला. नेमाडे औरंगाबाद, लंडन, गोवा, मुंबई असे फिरत राहिले आणि फिरताना आपल्या मुळांविषयी लिहीत राहिले. एकाला राहणे मानवले, दुसऱ्याला जाणे. यातले एक दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ नाही. पण दोघांच्याही बाबतीत एक गोष्ट समान दिसते : जिथे होते तिथे त्यांना वाचायला वेळ होता, बोलायला माणसे होती आणि आपल्या भाषेची लाज वाटण्याचे कारण नव्हते. माझ्या मते ‘मानवणे’ मोजायचे असेल तर या तीन मापांनी मोजावे : वेळ, माणसे, आणि बोलताना न लाजणे.

इथे एका धोक्याची नोंद केलीच पाहिजे, कारण हा शब्द दुधारी आहे. ‘तुला ते मानवणार नाही’ हे वाक्य आपल्याकडे कोण कोणाला म्हणते? शिक्षक खेड्यातल्या मुलाला म्हणतो, घरचे मुलीला म्हणतात, आणि वरच्या जातीतला हितचिंतक खालच्या जातीतल्या विद्यार्थ्याला म्हणतो. तिथे ‘मानवणे’ हा ‘पायरी ओळखून राहणे’ याचा सौम्य पर्याय असतो. म्हणून मी एक नियम करून घेतला आहे : मानवण्याचा प्रश्न विद्यार्थ्याने संस्थेला विचारायचा असतो, संस्थेने किंवा शिक्षकाने तो विद्यार्थ्यावर फेकायचा नसतो. जागा मानवली नाही तर दोष दर वेळी पिणाऱ्याच्या पोटात नसतो, कधी पाण्यातही असतो. दिल्लीत २०१५ साली मुलींच्या वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध ‘पिंजरा तोड’ ही मोहीम सुरू झाली तेव्हा मुद्दा हाच होता : ग्रंथालय रात्री उघडे आणि वसतिगृहाचे दार संध्याकाळी बंद, अशा ठिकाणी मुलींना प्रवेश दिला याचा अर्थ काय? ते वाचताना मला आमची मुलगी आणि तिची नऊची बस आठवली. तिला ते शहर मानवले नाही असे म्हणणे आता मला जड जाते. त्या शहराने तिच्यासाठी काही केले नव्हते, आणि मीही केले नव्हते.

मग विद्यार्थ्याने करावे काय? मी हल्ली जे सांगतो ते साधे आहे. अर्ज करण्याआधी शक्य असेल तर त्या गावी एक दिवस जाऊन या, सुट्टीच्या दिवशी नव्हे. विभागाच्या दारावरच्या नावांपेक्षा वेळापत्रक पाहा : ज्यांची पुस्तके वाचून तुम्ही आलात ते खरेच एम.ए.ला शिकवतात की केव्हाच निवृत्त झाले आहेत? किती जागा भरलेल्या आहेत आणि किती तासिकांवर चालल्या आहेत? ग्रंथालयात जाऊन आपल्या आवडीच्या लेखकाचे पुस्तक मागा आणि ते हातात पडायला किती वेळ लागतो ते पाहा. संध्याकाळी सात वाजता ग्रंथालयापासून त्या खोलीपर्यंत चालत किंवा बसने जा, जिथे तुम्ही राहणार आहात. वाटेत चहा पीत बसलेल्या दोन विद्यार्थ्यांशी, तुमच्या जिल्ह्यातल्या एकाशी आणि बाहेरच्या एकाशी, बोला. दहा महिन्यांचा खर्च वहीत मांडा आणि त्यात आजारपणाची एक ओळ ठेवा. प्रत्यक्ष जाणे परवडत नसेल तर तिथे शिकणाऱ्या कोणाचा तरी फोन मिळवा. ते मिळवून देणे हे शिक्षकाचे काम आहे. आणि शेवटी स्वतःला विचारा : या गावी मी माझ्या घरच्या बोलीत एखादे वाक्य बोललो तर पुढे काय होईल? लोक हसतील, दुर्लक्ष करतील, की विचारतील की हा शब्द तुमच्याकडे कसा वापरतात? तिसरे उत्तर जिथे मिळण्याची शक्यता आहे तिथे पहिला अर्ज करा.

आम्हा शिक्षकांसाठीही यात काम आहे. पाठवून मोकळे होणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे. ज्या विभागात मी विद्यार्थी पाठवतो तिथे माझ्या ओळखीचे निदान एक माणूस असावे आणि पहिल्या महिन्यात मी एकदा तरी फोन करावा, एवढे तरी माझ्या हातात आहे. त्या मुलीला मी फोन केला नव्हता. तो केला असता तर दिवाळीपूर्वी काहीतरी करता आले असते, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

या विषयाची एक मोठी परीक्षा आत्ता आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहते आहे. त्याचा कायदा २०२३ साली झाला आणि २०२४ साली कामाला सुरुवात झाली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही जाहीर झाला. जागेची निवड निखळ वाङ्मयीन कारणाने झाली : महानुभावांचे हे तीर्थ, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’चे काम जिथे केले ते हे गाव. स्थळ हाच पाठ, असे मानून काढलेले दुसरे विद्यापीठ मराठीत मला आठवत नाही, आणि म्हणून मला त्याचा आनंद आहे. पण म्हाइंभटाला लीळा गोळा करण्यासाठी गावोगाव हिंडावे लागले होते. आजच्या विद्यार्थ्याला रिद्धपूरला राहावे लागेल. तिथे त्याची पथारी कुठे, भाकरी कुठे, संध्याकाळी सातनंतर दिवा कुठे, आणि आजारी पडला तर त्या गावात त्याचे कोण, या प्रश्नांची उत्तरे विद्यापीठ कशी देते यावर ते स्मारक होईल की विद्यापीठ, हे ठरेल. अभिजात दर्जाचा निधी आधी वसतिगृहावर खर्च व्हावा, असे मला वाटते. शाहू महाराजांनी तोच केला असता.

ती मुलगी दोन वर्षांनी पुन्हा उभी राहिली. घरापासून एस.टी.ने तीन तासांवरच्या एका विद्यापीठात तिने एम.ए. केले. क्रमवारीत ते फार वर नव्हते. वसतिगृह मात्र ग्रंथालयाच्या मागेच होते. आता ती एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. मागच्या वर्षी तिने तिच्या एका विद्यार्थिनीला माझ्याकडे पाठवले, पुढे कुठे अर्ज करावा हे विचारायला. सोबत तिची आई होती. मी प्राध्यापकांची नावे सांगायला सुरुवात करण्याआधी थांबलो आणि त्या बाईंना विचारले, “तुमचं काय म्हणणं आहे, काकू? तुम्हाला काय विचारायचंय?”

त्यांनी विचारले, “ऱ्हायची सोय कशी हाय, सर?”

आम्ही तिथूनच सुरुवात केली.